बारा पराभवांचा जमाखर्च

फुटबॉलचा मोसम सुरू होऊन दीड-दोन महिने झाले आणि आपला संघ गुणतक्त्याच्या तळाशी रुतलेला दिसला, की पाठीराख्यांमध्ये एक ठरलेली चर्चा रंगते. बचावफळीत भोक कुठे आहे, अमक्या आघाडीवीरावर एवढा पैसा का घातला, मॅनेजरला कधी नारळ देणार. त्यावर शहाण्या माणसांचे उत्तरही ठरलेले असते: मोसम लांब आहे, जरा दम धरा. इंग्लंडमध्ये बारा संघांची पहिली फुटबॉल लीग १८८८ साली सुरू झाली, त्यामुळे हा संवाद जवळजवळ एकशे चाळीस वर्षे चालू आहे, आणि त्यात पाठीराख्यांच्या वाट्याला सहसा उतावळेपणाचा शिक्काच आलेला आहे. तो शिक्का अर्धाच खरा आहे, असे मला वाटते. मोसमाच्या आरंभी पाठीराखे जे तोलत असतात ते बहुतेक वेळा मोसमाचे भवितव्य नसतेच. तो मागच्या काही उन्हाळ्यांत क्लबच्या कचेरीत झालेल्या व्यवहारांचा जमाखर्च असतो, आणि एरवी त्या वह्या त्यांना कोणी दाखवत नाही. जिथे त्यांनी हा जमाखर्च वाचला तिथे ते बरोबर ठरले. जिथे फक्त गुणतक्ता वाचला तिथे फसले. याचा सर्वांत बोलका पुरावा १९३० सालच्या मँचेस्टरमध्ये सापडतो.

मँचेस्टर युनायटेड आज जगभर ओळखला जातो. मुंबई-पुण्यात रात्री उशिरापर्यंत जागून त्याचे सामने पाहणारी एक अख्खी पिढी तयार झाली आहे. पण १९३० चा युनायटेड हा बुडत्या बाजूचा क्लब होता. १९०२ मध्ये ‘न्यूटन हीथ’ या नावाने तो दिवाळखोरीत गेला, तेव्हा जॉन हेन्री डेव्हिस या मद्यउत्पादकाने त्याला उभे केले, नवे नाव दिले आणि १९१० मध्ये ओल्ड ट्रॅफर्डचे भव्य मैदान बांधून दिले. १९०८ आणि १९११ ची लीग अजिंक्यपदे आणि १९०९ चा एफए कप ही सारी त्या काळची कमाई. १९२७ मध्ये डेव्हिस वारले आणि क्लबमागचा मोठा खिसा नाहीसा झाला. त्याच वर्षी मॅनेजर म्हणून आलेले हर्बर्ट बॅमलेट पूर्वी नामांकित पंच होते. १९१४ चा कपचा अंतिम सामना त्यांच्याच शिट्टीवर खेळला गेला होता. गंमत अशी की १९०९ च्या कपमध्ये बर्नली १-० ने पुढे असताना हिमवादळामुळे सामना थांबवणारे पंचही हेच. तो सामना पुन्हा खेळवला गेला, युनायटेडने जिंकला आणि पुढे कपही पटकावला. म्हणजे बॅमलेट यांनी युनायटेडला दिलेली सर्वांत मोठी भेट ते क्लबच्या नोकरीत येण्याच्या अठरा वर्षे आधीची होती. त्यांच्या हाताखाली संघ १९२८ मध्ये अठरावा, १९२९ मध्ये बारावा आणि १९३० मध्ये सतरावा आला. बावीस संघांच्या पहिल्या श्रेणीतून तळाचे दोन संघ खाली जात, हे लक्षात घेतले की घसरण किती जवळ आली होती ते कळते.

मग १९३०-३१ चा मोसम उजाडला आणि युनायटेडने लीगमधले पहिले बाराच्या बारा सामने गमावले. सप्टेंबरमध्ये घरच्या मैदानावर हडर्सफील्डकडून ०-६ आणि लगेच पुढच्या सामन्यात न्यूकॅसलकडून ४-७ अशी हार झाली. पहिला विजय १ नोव्हेंबरला बर्मिंगहॅमविरुद्ध मिळाला. मोसमअखेर बेचाळीस सामन्यांत सात विजय, आठ बरोबरी, सत्तावीस पराभव, अंगावर ११५ गोल आणि पदरी २२ गुण. तळाचा दुसरा संघ लीड्स, त्याचे गुण ३१. विजयाला दोन गुण मिळण्याच्या त्या काळात नऊ गुणांचा हा फरक म्हणजे खोल दरी होती. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाल्यापासून सगळीकडेच गोलांचा पूर आला होता हे खरे, आणि त्या मोसमात दुसऱ्या आलेल्या ॲस्टन व्हिलाने तर १२८ गोल केले. पण नव्या नियमाला साजेशी बचावरचना आर्सेनलसारख्या क्लबांनी पाच वर्षांत बसवली होती. युनायटेड तिथे कमी पडला आणि ११५ गोलांचे मोठे कारण ते आहे.

पाठीराख्यांनी या पडझडीकडे कसे पाहिले, ते इथे महत्त्वाचे आहे. त्यांच्या संघटनेचे पुढारी जॉर्ज ग्रीनहॉ यांच्या पुढाकाराने पाच मागण्या मांडल्या गेल्या: नवा मॅनेजर, खेळाडू हेरण्याची सुधारलेली व्यवस्था, नवे खेळाडू, समभाग विकून उभे केलेले ताजे भांडवल आणि भागधारकांनी निवडून दिलेले पाच नवे संचालक. ही यादी शांतपणे वाचावी. पाचांपैकी एकच मागणी मैदानाच्या कडेला उभ्या माणसाबद्दल आहे, बाकीच्या चार कचेरीबद्दल. त्यांचे मर्म कळायला तेव्हाचे अर्थकारण पाहावे लागते. इंग्लिश फुटबॉलमध्ये वेतनाला कमाल मर्यादा होती. मोसमात आठवड्याला आठ पौंडांहून जास्त पगार कोणत्याच खेळाडूला देता येत नसे. पगाराच्या आमिषाने चांगला खेळाडू ओढणे शक्यच नव्हते, तेव्हा क्लबाक्लबांतला फरक दोनच गोष्टींनी पडे: दुसऱ्या क्लबला मोजायची बदलीची रक्कम, आणि कोवळी पोरे इतरांच्या आधी हेरण्याची नजर. पहिलीला भांडवल लागते, दुसरीला व्यवस्था. आर्सेनलने १९२८ मध्ये डेव्हिड जॅकसाठी दहा हजार पौंडांहून जास्त मोजले होते, पुढच्या वर्षी ॲलेक्स जेम्सला आणले आणि १९३० चा कप जिंकला. मँचेस्टरच्या गिरण्या-गोद्यांत राबणाऱ्या माणसांनी काढलेली यादी या दोन्ही गोष्टींवर नेमके बोट ठेवत होती. त्यांना फुटबॉलचे डावपेच कितपत कळत होते यावर वाद घालता येईल. क्लब कशामुळे चालतो, हे मात्र त्यांना संचालकांपेक्षा बरे कळत होते.

संचालकांनी दाद दिली नाही. मग १८ ऑक्टोबर १९३० च्या आर्सेनलविरुद्धच्या सामन्यावर बहिष्काराची हाक दिली गेली. आदल्या रात्री ह्यूम टाउन हॉलमध्ये मोठी सभा झाली. प्रत्यक्षात त्या दिवशी तेवीस हजारांवर लोक मैदानात आले, त्या मोसमातल्या सरासरी गर्दीच्या जवळजवळ दुप्पट. युनायटेड १-२ ने हरला. बहिष्कार फसला, असे बहुतेक इतिहासकार लिहितात, आणि त्या एका शनिवारापुरते ते बरोबरच आहे. कपविजेत्या आर्सेनलला पाहण्याचा मोह सभेतल्या ठरावापेक्षा मोठा निघाला. पण त्यापुढचे आकडेही पाहायला हवेत. कोणीही हाक न देता माणसे यायची थांबली. मोसमाच्या शेवटच्या दिवशी मिडल्सब्रोविरुद्ध ४-४ असा एरवी डोळ्यांचे पारणे फेडणारा सामना झाला आणि तो पाहायला चार हजार माणसेही नव्हती. गेटावरचे उत्पन्न हेच क्लबचे मुख्य उत्पन्न असण्याचा तो काळ. डिसेंबर १९३१ मध्ये खेळाडूंचा पगार द्यायलाही पैसे उरले नाहीत. तेव्हा जेम्स गिब्सन या गणवेशांच्या कारखानदाराने दोन हजार पौंड टाकून क्लब वाचवला आणि पुढे अध्यक्षपद घेतले. नवे भांडवल आले, कचेरीतली माणसे बदलली. चौदा महिन्यांपूर्वी पाठीराखे जे मागत होते ते क्लब रस्त्यावर यायची वेळ आली तेव्हा झाले, आणि तेही एका श्रीमंताच्या मर्जीने, भागधारकांच्या मतांनी नव्हे.

आता पहिला आक्षेप. आठ-दहा सामने म्हणजे काय? एखादी दुखापत, एखादा चुकीचा निर्णय, वेळापत्रकात आधीच आलेले बलाढ्य प्रतिस्पर्धी, एवढ्याने आरंभ बिघडू शकतो. उदाहरणेही हवी तेवढी आहेत. २०१७ मध्ये क्रिस्टल पॅलेसने लीगमधले पहिले सात सामने एकही गोल न करता गमावले. आठव्यात त्यांनी गतविजेत्या चेल्सीला हरवले आणि मोसमअखेर ते अकरावे आले. २०२१ मध्ये आर्सेनल पहिले तीन सामने हरून, एकही गोल न करता नऊ गोल खाऊन, तळाला होता. शेवटी तो पाचवा आला. आकडेशास्त्राच्या बाजूने हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. पहिल्या आठ सामन्यांवरून अडतिसाव्याचे भाकीत करणाऱ्याने ज्योतिषाचे दुकान काढावे. पण भाकीत आणि निदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅलेसचेच घ्या. सुरुवातीच्या चार लीग सामन्यांनंतर त्यांनी मॅनेजर फ्रँक डी बोअर यांना काढले. पण बचावावर आणि प्रतिहल्ल्यावर जगणाऱ्या संघाला एका उन्हाळ्यात चेंडू ताब्यात ठेवून खेळायला शिकवेल असा माणूस निवडला कोणी होता? ज्यांनी काढला त्यांनीच. पुढे रॉय हॉजसन यांनी संघ सावरला म्हणून ती उन्हाळ्यातली चूक पुसली जात नाही. वाईट आरंभाने ती उघडी पाडली, एवढेच. चांगल्या आरंभाने कदाचित वर्षभर झाकली असती.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे, आणि माझ्या युक्तिवादाला तो खरोखर अडचणीचा आहे. पाठीराखे हिशेब वगैरे काही तपासत नाहीत, त्यांना बळीचा बकरा हवा असतो आणि तो नेहमी मॅनेजरच असतो, असे म्हणतात. १९३० च्या यादीतही पहिली मागणी नव्या मॅनेजरचीच होती. लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टनचे १९८३-८४ चे उदाहरण यासाठी हमखास दिले जाते. त्या हिवाळ्यात मॅनेजर हॉवर्ड केंडल यांना हाकला म्हणून पत्रके वाटली गेली, क्लबचे गुडिसन पार्क मैदान ओस पडू लागले. जानेवारी १९८४ मध्ये ऑक्सफर्डविरुद्ध लीग कपच्या सामन्यात केव्हिन ब्रॉकने मागे दिलेला चेंडू तोकडा पडला, एड्रियन हीथने तो गाठून बरोबरी साधली, आणि तिथून सारे पालटले. त्याच मोसमात एफए कप, १९८५ मध्ये लीग आणि युरोपियन कप विनर्स कप, १९८७ मध्ये पुन्हा लीग. पत्रके वाटणारे सपशेल चुकले. पण का चुकले? कारण त्यांनी गुणतक्ता वाचला आणि खरेदीची वही वाचली नाही. गोलरक्षक नेव्हिल साउथॉल, मधल्या फळीतले पीटर रीड आणि केव्हिन शीडी, आघाडीला हीथ ही सगळी खरेदी आधीच्या दोन-अडीच वर्षांत झालेली होती आणि बरीचशी स्वस्तात. नोव्हेंबर १९८३ मध्ये अँडी ग्रे आला. हिशेबाच्या कसोटीवर केंडल यांचा क्लब उत्तीर्ण होता. निकाल यायचे बाकी होते. युनायटेडचे मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन यांच्याविरुद्ध १९८९ च्या डिसेंबरमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर फलक झळकला, तिथेही असेच घडले. म्हणून हा आक्षेप मी अर्धा स्वीकारतो. पाठीराख्यांचा राग चुकीच्या दाराशी जातो, वारंवार जातो, आणि संचालकांना ते सोयीचेच असते. मॅनेजरला काढणे हा संचालकांसाठी सर्वांत स्वस्त उपाय, कारण त्यात त्यांची स्वतःची वही उघडावी लागत नाही.

याची अलीकडची साक्ष पुन्हा युनायटेडनेच दिली. २०२४ च्या उन्हाळ्यात क्लबने मॅनेजर एरिक टेन हाग यांचा करार वाढवला. नऊ लीग सामन्यांनंतर संघ ११ गुणांसह चौदावा होता आणि ऑक्टोबर संपायच्या आत त्यांना निरोप दिला गेला. रुबेन अमोरिम आले. मोसमअखेर संघ ४२ गुणांवर पंधरावा, म्हणजे प्रीमियर लीगच्या काळातली त्याची तोवरची सर्वांत वाईट कामगिरी. मॅनेजर हाच रोग असता तर औषध लागू पडायला हवे होते. बॅमलेट यांच्या जाण्यानेही १९३१ मध्ये काही सुधारले नव्हते. दुसऱ्या श्रेणीत घसरलेला संघ १९३४ मध्ये तिसऱ्या श्रेणीच्या उंबरठ्यावर जाऊन ठेपला आणि मिलवॉलला त्यांच्याच मैदानावर २-० हरवून शेवटच्या दिवशी कसाबसा वाचला. त्या जुन्या यादीतल्या पहिल्या मागणीचा उपयोग सर्वांत कमी झाला. उरलेल्या चारांपैकी खेळाडू हेरण्याच्या मागणीचा उपयोग सर्वांत जास्त झाला, पण त्याला वेळ लागला. गिब्सन आणि क्लबचे सचिव वॉल्टर क्रिकमर यांनी १९३८ मध्ये ‘मुजॅक’ या नावाने ओळखला जाणारा कुमार खेळाडूंचा क्लब काढला. १९४५ मध्ये मॅनेजर म्हणून मॅट बझबी आले आणि १९४८ चा कप जिंकणाऱ्या त्यांच्या संघात मुजॅकमधून वर आलेली पोरे होती. नंतरचा सगळा बझबी-इतिहास याच पायावर उभा आहे. पाठीराख्यांना खेळातले काय कळते, असे विचारणाऱ्यांनी ही साल-तारखांची साखळी एकदा डोळ्यांखालून घालावी.

इंग्लंडपुरतीच ही गोष्ट आहे, असे कोणी म्हणेल तर कोलकात्याकडे पाहावे. ईस्ट बंगाल हा १९२० मध्ये स्थापन झालेला क्लब. जुलै २०२१ मध्ये त्याचे पाठीराखे क्लबच्या दारात रस्त्यावर उतरले, आपसांत भिडले आणि पोलिसांच्या लाठ्या खाऊन परतले. तेव्हा मोसम सुरूही झाला नव्हता. वाद होता तो गुंतवणूकदार कंपनीबरोबरच्या अंतिम करारावर क्लबने सही करावी की नाही याचा. तो घोळ इतका लांबला की संघबांधणी ऐन वेळी उरकावी लागली. त्या वर्षीच्या इंडियन सुपर लीगचे साखळी सामने महासाथीमुळे पूर्णपणे गोव्यात, प्रेक्षकांविना खेळवले गेले. ईस्ट बंगालला पहिला विजय मिळायला जानेवारी २०२२ उजाडला, तो गोव्यातच आणि एफसी गोवाविरुद्धच मिळाला. मधल्या काळात मुख्य प्रशिक्षक मानोलो डियाझ पायउतार झाले होते. वीस सामन्यांत एकच विजय, आठ बरोबरी, अकरा पराभव आणि शेवटचा क्रमांक. रिकाम्या स्टेडियममध्ये जे घडत होते त्याचे कारण या पाठीराख्यांनी चार महिने आधी, एकही चेंडू लाथाडला जाण्यापूर्वी, कोलकात्याच्या रस्त्यावर ओळखले होते. सही करावी या बाजूचे बरोबर होते की करू नये या बाजूचे, हा वेगळा विषय. दोन्ही बाजू कागदाकडे पाहत होत्या, यात मला खरे शहाणपण दिसते. तीन वर्षांनी, २०२४-२५ मध्ये, याच क्लबने पहिले सहा लीग सामने ओळीने गमावले, आणि त्यांतल्या तिसऱ्या पराभवानंतरच पुन्हा प्रशिक्षक गेला. काही महिन्यांपूर्वीच, जानेवारीत, त्याच कार्लेस कुआद्रात यांनी क्लबला सुपर कप जिंकून दिला होता. एवढ्या अवधीत माणसाची अक्कल जात नाही.

एक आक्षेप उरतो, मालकीचा. क्लब ज्याच्या पैशावर चालतो त्याचा, तिकीट काढणाऱ्याला त्याच्या वह्या तपासण्याचा अधिकार काय, असे विचारले जाते. कायद्याच्या भाषेत हे १९३० मध्येही बिनतोड होते आणि आजही बऱ्याच अंशी आहे. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने युनायटेड विकत घेतला, खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा मोठा भाग क्लबच्याच माथी आला, आणि पाठीराखे ते थांबवू शकले नाहीत. त्यांतल्या काहींनी ‘एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर’ नावाचा स्वतःचा क्लब काढला. २०१० मध्ये जुन्या न्यूटन हीथच्या हिरव्या-सोनेरी रंगाचे गळपट्टे घालून हजारोंनी निषेध केला. विशेष म्हणजे तेव्हा संघ जिंकत होता. २००७ ते २००९ ही सलग तीन लीग अजिंक्यपदे त्याच्या नावावर होती. म्हणजे वही उघडायला पराभवच लागतो असे नाही. पराभवात ती उघडणाऱ्यांची संख्या वाढते, एवढेच. आणि मालक येतात-जातात, तिकीट काढणारे घराणे तीन-तीन पिढ्या तेच राहते, हे इंग्लंडमधल्या बहुतेक जुन्या क्लबांबाबत खरे आहे. १९३१ मध्ये ज्यांच्या न येण्याने क्लब पगार देऊ शकला नाही, त्यांचा त्या हिशेबाशी संबंध नव्हता असे म्हणणे हास्यास्पद ठरेल.

ब्रिटनच्या संसदेला हे पटायला बराच काळ लागला. जुलै २०२५ मध्ये तिथे फुटबॉल प्रशासनाचा कायदा झाला, स्वतंत्र नियामक नेमण्याची तरतूद झाली आणि क्लबांनी पाठीराख्यांशी सल्लामसलत करण्याचे विषयही ठरले. क्लबची आर्थिक आणि व्यावसायिक दिशा त्यांत आहे, तिकिटांचे दर आहेत, मैदान, बोधचिन्ह आणि गणवेशाचे रंग आहेत. मॅनेजरची नेमणूक त्यांत नाही, आणि ती नाही हे योग्यच झाले.